शिरीषरावांची बढती

संपादकांनी मला पडद्यामागच्या झगमगाटाविषयी लिहायला सांगितलं आहे. झगमगाट म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचकाची फसवणूक व्हायला नको. स्टुडिओतला झगमगाट म्हणजे हजार-हजार वॅटचे दिवे. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात बाहेर लू वाहत असते, आत हे दिवे लावलेले असतात आणि कूलरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून कूलर बंद असतो. निवेदिका हसत हसत आंब्याच्या पन्ह्याची कृती सांगते. तिच्या कमरेखाली टेबलाआड ओला टॉवेल गुंडाळलेला असतो. तो टॉवेल दर पंधरा मिनिटांनी भिजवून देण्याची व्यवस्था ज्याच्याकडे असते, तो मी.

मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. लोकांना वाटतं, हा कार्यक्रम करणारा माणूस. तसं नाही. कार्यक्रम कसा असावा हे दिग्दर्शक ठरवतो, पैसे मालकाचे असतात, चेहरा निवेदकाचा दिसतो. उद्या सकाळी कोणता कॅमेरामन कुठे उभा असेल, त्याला तिथे कोणती गाडी नेईल, तो काय खाईल, लाइट गेली तर जनरेटरमध्ये डिझेल आहे की नाही आणि संध्याकाळी तो घरी केव्हा जाईल, हे मी ठरवतो. माझं काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही. बिघडलं तर सगळ्या शहराला दिसतं.

आमची वाहिनी छोटी होती. ग्वाल्हेरच्या बातम्या, एक स्वयंपाकाचा कार्यक्रम, एक शेतीचा, सकाळी भजनं, आणि मेळ्याच्या दिवसांत मेळ्याचं थेट प्रक्षेपण. आम्ही सगळे मिळून अकरा माणसं. मालक जुन्या वळणाचे होते. पगार थोडा देत, उशिरा देत, पण एक गोष्ट त्यांनी चांगली केली होती. सगळ्यांचा सामूहिक विमा काढला होता आणि त्यात बायकामुलंही होती.

पगार कमी, उन्हाळा असा, सुट्टी आठवड्यातून एक आणि तीही सांगून येणारी नाही. तरीही आमच्याकडे माणसं टिकत. भोपाळ-इंदूरच्या वाहिन्यांचे लोक मला विचारत, "टेंबेजी, आपके यहाँ से कोई जाता क्यों नहीं?" मी म्हणायचो, आमच्याकडे सोमवारचा चहा असतो. त्यांना ती थट्टा वाटायची.

ती थट्टा नव्हती. दर सोमवारी सकाळी सगळी अकरा माणसं चहा घेऊन फ्लोअरवर बसत आणि आठवड्याचा ड्यूटी चार्ट तोंडी ठरे. कुणाच्या घरी श्राद्ध आहे, कुणाच्या मुलीची परीक्षा आहे, कुणाला गावी जायचं आहे, ते प्रत्येक जण सांगे. मग अदलाबदली होई. "मी तुझा बुधवार करतो, तू माझा रविवार कर." कॅमेरामन एडिटिंग शिकलेला, एडिटर कॅमेरा शिकलेला, आमची फ्लोअर मॅनेजर मंजूषा दोन्ही शिकलेली. कुणी कुणाचे उपकार मानत नसे आणि कुणी मोजतही नसे. मी हिशेबी माणूस आहे, मला आधी हे पटत नव्हतं. पण वर्षाच्या शेवटी पाहिलं तर सगळ्यांचं काम जवळजवळ सारखंच भरलेलं असे, म्हणून मी त्यात बोट घालणं सोडून दिलं.

या चार्टात एकच गोष्ट पक्की होती. मंगळवार आणि शुक्रवार शिरीषराव नाहीत.

शिरीष इंगळे आमचे सगळ्यांत जुने कॅमेरामन. राहायला शिंदे की छावनीत. घराण्यात सगळे फौजेतले, हे एकटेच कॅमेऱ्याकडे आले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, बोलायला कमी, दाढी ठेवलेली. सगळं युनिट त्यांना दादा म्हणे. त्यांच्या पत्नीच्या, मालतीवहिनींच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मशीनला जोडलं की चार तास हलायचं नाही, रक्तदाब खाली जातो, पायात गोळे येतात, म्हणून जवळ घरचं माणूस लागतं. मुलगा पुण्यात नोकरीला. तेव्हा मंगळवार आणि शुक्रवार शिरीषराव वहिनींजवळ बसत आणि त्या बदल्यात रविवार आणि सणाचे सगळे दिवस स्वतःहून अंगावर घेत. मंगळवारी त्यांच्या जागी आमचा तरुण कॅमेरामन अनवर उभा राही, शुक्रवारी मंजूषा.

एकदा स्वयंपाकाच्या कार्यक्रमाचे प्रायोजक अडून बसले. बाड्यावरचे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातले, मसाल्याचे मोठे व्यापारी. विक्षिप्त माणूस. आपल्या गरम मसाल्याचं पाकीट खिरीच्या भागातही ओट्यावर दिसलं पाहिजे असा त्यांचा हट्ट असे, आणि आम्ही ते खिरीशेजारी ठेवतही असू. त्या दिवशी ते स्वतः पडद्यावर येणार होते. आले, कॅमेऱ्यामागे अनवरला पाहिलं आणि म्हणाले, "ये लड़का कौन है? हमें तो वो दाढ़ी वाले चाहिए. उनके हाथ से हमारा पेट कम दिखता है."

मी म्हटलं, "सेठजी, आज मंगल है. वो अपनी पत्नी को लेकर अस्पताल में हैं. हर मंगल जाते हैं."

सेठजींनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "तो फिर बुध को कर लेते हैं. इसमें क्या है. पेट कहीं भागा तो नहीं जा रहा."

सगळा सेट उतरवून दुसऱ्या दिवशी परत लावावा लागला. पण मला त्या माणसाचा राग आला नाही. ज्याला खिरीत गरम मसाला दिसायला हवा होता त्यालाही एवढी गोष्ट एका वाक्यात समजली. पुढे ज्यांना ती वर्षभरात समजली नाही, ते सगळे मॅनेजमेंट शिकलेले होते.

मालकांचं वय झालं आणि त्यांनी वाहिनी एका मोठ्या कंपनीला विकली. कंपनीचं मुख्यालय दिल्लीकडे. आमच्यासारख्या अनेक छोट्या वाहिन्या त्यांनी घेतल्या होत्या आणि त्या सगळ्या एकत्र करायच्या होत्या. या कामाला ते इंटिग्रेशन म्हणत. एका हॉटेलात सभा झाली. दुपारचं जेवण चांगलं होतं, हे कबूल करतो. वरून आलेल्या साहेबांनी भाषणात परिवार हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की मंजूषा माझ्या कानाशी म्हणाली, "काका, हे आपल्याला गोद घेत आहेत की काय?"

दत्तक घेतल्यावर आधी नाव बदलतात, तसंच झालं. आमच्याकडे अकरा माणसांची अकरा कामं होती आणि प्रत्येकाला सगळंच येत होतं. कंपनीकडे ठरलेल्या श्रेणी होत्या आणि प्रत्येक माणूस एका श्रेणीत बसवायचा होता. मला तक्ता आला. त्यात कॅमेरा विभागात दोन श्रेणी होत्या, साधी आणि वरिष्ठ. वरिष्ठला पगारात थोडी वाढ आणि रविवारची पक्की सुट्टी.

मी सोमवारच्या चहाला तक्ता सगळ्यांपुढे ठेवला. लपवण्यासारखं काही नव्हतं. शिरीषराव, अनवर, मंजूषा आणि आणखी दोघं, अशी पाच माणसं कॅमेऱ्याच्या रकान्यात येत होती. अनुभव पाहता तिघांना वरिष्ठ मागता येत होतं. अनवर पहिला बोलला.

"मेरे को नहीं चाहिए. दादा और मैं एक ही ग्रेड में? अच्छा लगेगा क्या? अम्मी जूते मारेंगी."

मंजूषा म्हणाली, "मलाही नको. दादा वर पाहिजेत. एक ही सीनियर होना चाहिए, बस."

शिरीषराव म्हणाले, "अरे, वेडे आहात का? पैसे वाढताहेत तर घ्या ना."

"दादा, आप चुप रहो," अनवर म्हणाला. "आपके मामले में आपसे कौन पूछ रहा है?"

मलाही त्या दिवशी ते फार चांगलं वाटलं. आमच्या लोकांत वडीलधाऱ्याच्या बरोबरीने बसायचं नसतं, एक पायरी खाली बसायचं असतं. तक्ता भरून गेला. शिरीषराव ग्वाल्हेर युनिटचे एकमेव वरिष्ठ कॅमेरा ऑपरेटर झाले. त्यांनी पेढे आणले. वहिनींनी पथ्यामुळे पेढा नुसता हातात घेऊन परत दिला आणि तो अनवरने खाल्ला.

पुढच्या महिन्यात चार्ट मुख्यालयातून यायला लागला. तो कॉम्प्युटर बनवत असे. दारात बोटाचा ठसा घेणारं मशीन लागलं. अदलाबदलीची सोय होती, तसं पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. पण अदलाबदली समान श्रेणीच्या दोन माणसांतच करता येणार होती, आणि एकाच केंद्रात.

शिरीषरावांच्या श्रेणीत ग्वाल्हेरला शिरीषरावच होते.

पहिल्या मंगळवारी त्यांनी रजा घेतली. शुक्रवारी परत घेतली. रजा अशा किती पुरणार? दोन महिन्यांत संपल्या. रविवारची सुट्टी पक्की होती, पण रविवारी डायलिसिसचा विभाग बंद. डायलिसिसला संध्याकाळची पाळी मागितली तर मशीनं भरलेली, कुणीतरी जागा सोडल्याशिवाय मिळणार नव्हती. आणि त्या विभागात जागा कशी सुटते ते सांगायला नको.

मी मुख्यालयात फोन केला. मनुष्यबळ विभागात नेहा नावाची मुलगी होती. आवाजावरून माझ्या मुलीएवढी. वाईट नव्हती, हे आधी सांगतो. तिने सगळं ऐकून घेतलं, वहिनींची चौकशीही केली.

"सर, एक काम करते हैं," ती म्हणाली. "आपके यहाँ किसी और को सीनियर बना दें तो स्वैप हो जाएगा."

"तो बना दीजिए. अनवर को बना दीजिए."

"अभी नहीं हो सकता, सर. प्रमोशन साल में एक बार. और अभी इंटिग्रेशन चल रहा है, तो दो साल फ़्रीज़ है."

"तो फिर शिरीष इंगळे को नीचे ले आइए. वो ख़ुद लिखकर देने को तैयार हैं."

पलीकडे तिने कॉम्प्युटरवर काहीतरी उघडून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "सर, नीचे लाने का ऑप्शन ही नहीं है. वो सिर्फ़ डिसिप्लिनरी केस में खुलता है. उन्होंने कुछ किया है क्या?"

मी शिरीषरावांना हे सांगितलं. ते कॅमेऱ्याची लेन्स पुसत होते. म्हणाले, "काय करायला लागेल? कुणाच्या थोबाडीत मारू का? तुम्ही सांगा, तुमच्याच मारतो. घरचं माणूस बरं."

आम्ही दोघं हसलो. खोटं कशाला लिहू, मी त्यावर घरी जाऊन विचारही केला. पण शिस्तभंगाच्या प्रकरणात आधी निलंबन होतं आणि निलंबनात विमा थांबतो. राजीनामा देऊन खालच्या श्रेणीत नव्याने लागावं, तर नव्या माणसाला विमा नोकरी पक्की झाल्यावर, म्हणजे वर्षाने. वहिनींचा एक वर्षाचा खर्च मी कागदावर मांडला आणि तो कागद शिरीषरावांना दाखवलाच नाही.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी पलंगावर बसून मटार सोलत होत्या. हात सुजलेला, पण जीभ शाबूत.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. "यांना बढती काय दिलीत, मला सवत आणून दिलीत. आता मंगळवारी तिच्याकडे, शुक्रवारी तिच्याकडे."

"वहिनी, मी प्रयत्न करतोय."

"ते तर माहीत पडलं मला. एक सांगते, यांना नोकरी सोडू देऊ नका. हे रोज रात्री जेवताना सोडतात. मी सकाळी डबा देऊन परत लावून देते. विमा गेला तर घर विकावं लागेल, आणि मग मी बरी होऊन राहायचं कुठं?" त्यांनी मटाराचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "घ्या, रिकामे बसू नका. मी जाईन ना एकटी सवारीच्या टेम्पोने. मशीनला काय, ते कुणालाही धुतं."

दोन आठवडे त्या एकट्या गेल्या. तिसऱ्या आठवड्यात परतताना टेम्पोत त्यांना घेरी आली. शेजारच्या बायकांनी सावरलं, पाणी मारलं, घरी आणून सोडलं. शिरीषराव तेव्हा कलेक्टर ऑफिससमोर एका उपोषणाचं थेट प्रक्षेपण करत होते. फोन बंद ठेवावा लागतो. दोन तासांनी कळलं.

याच काळात आमची माणसं जायला लागली. जाणाऱ्याची मुलाखत घेऊन कारण कळवायचं, हे नवं काम माझ्याकडे आलं होतं. मंजूषा पहिली गेली. पूर्वी बाहेरच्या शूटिंगला गेलो की मी आधी जवळच्या घरात विचारून बायकांसाठी सोय करून ठेवत असे. कुणाच्या तरी घरचं शौचालय, बसायला एक खाट. नव्या पद्धतीत युनिट तिघांचं झालं, मी ऑफिसातच, आणि वेळ इतका कापलेला की पोचायचं, उभं राहायचं, निघायचं.

"काका, मी सकाळपासून पाणीच पीत नाही," मंजूषा म्हणाली. "अभी डॉक्टर ने बोला, इन्फेक्शन है. मालतीकाकूंना बघून घाबरले मी. किडनी देऊन कोण नोकरी करेल?"

मी कारण म्हणून हेच लिहून पाठवलं. वरून उत्तर आलं की दिलेल्या पाच कारणांपैकी एक निवडा. त्यात पाण्याचं कारण नव्हतं. 'वैयक्तिक' निवडलं.

अनवरला सांगितलं गेलं की तू शूट करायचं, गाडीत बसून एडिट करायचं आणि गाडीही तूच चालवायची. ड्रायव्हरला कमी केलं होतं. अनवरने महिनाभर ते करून पाहिलं. मग त्याने दाना ओली नावाच्या गल्लीत एक खोली घेतली, दोन कॉम्प्युटर टाकले आणि लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग सुरू केलं. मुलाखतीला माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "लिखो, वैयक्तिक. मुझे मालूम है, बाकी कुछ लिखने देते नहीं."

मग उठता उठता म्हणाला, "साहेब, एक बात. मैं चार्ट में दादा की जगह खड़ा नहीं हो सकता. ठीक है. अब मैं कंपनी में हूँ ही नहीं. तो अस्पताल में दादा की जगह बैठूँगा. मंगल और शुक्र. वहाँ कौन ग्रेड पूछता है?"

आणि तो बसायला लागला. सकाळी स्कूटरवर छावनीत जायचा, वहिनींना रिक्षात बसवून मागून यायचा, चार तास जवळ बसायचा, घरी सोडायचा आणि मग दुकान उघडायचा. तिथल्या नर्सने नोंद करताना विचारलं, "रिश्ता?" त्याचं नाव लिहून ती थांबली होती. वहिनी म्हणाल्या, "देवर लिखो, बहन. मेरा सगा होता तो अब तक बीवी के कहने पर भाग गया होता." हे मला अनवरनेच सांगितलं. आवाजाची नक्कल करून.

शिरीषरावांनी त्याला एकदा पैसे देऊ केले. अनवरने स्कूटर सुरू केली आणि निघून गेला.

वर्ष असं गेलं. अकरातले सात गेले. नवे येत, दोन-तीन महिने शिकत, जात. शिकवायला जुनं माणूस उरलं नाही की नवा लवकर चुकतो, चुकला की ओरडा खातो, ओरडा खाल्ला की जातो. हे समजायला मुख्यालयाने बाहेरचे सल्लागार बोलावले. त्यांच्या सांगण्यावरून माणसं टिकवण्याची मोहीम निघाली. वाढदिवसाला केक येऊ लागला. बिनसाखरेचा मागवता येतो का, असं मी विचारलं, कारण उरलेल्या चारांत दोघांना मधुमेह होता. उत्तर आलं नाही. मोहिमेत एक पारितोषिकही होतं, निष्ठावान कर्मचारी म्हणून. ग्वाल्हेर केंद्रातून शिरीष इंगळे यांची निवड झाली. मोठ्या पडद्यावर सगळी केंद्रं जोडली गेली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "शिरीषजी, इतने लोग गए, आप नहीं गए. आपको हमारे साथ क्या जोड़े रखता है?"

तो शुक्रवार होता. शिरीषराव काचेचं स्मृतिचिन्ह हातात धरून उभे होते. म्हणाले, "बीमा."

साहेबांना वाटलं आवाज तुटला. त्यांनी पुढच्या केंद्राला बोलावलं.

मालतीवहिनी थंडीत गेल्या. रविवारी, दुपारी, जेवणानंतर. शिरीषराव घरी होते. आम्ही मुक्तिधाम स्मशानातून परतताना ते एवढंच म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी गेली. कुणाला विचारायला लागलं नाही."

तेरावं झालं आणि त्यांनी राजीनामा दिला. मुलाखत मीच घ्यायची होती. समोरासमोर बसलो. मी पाच कारणं वाचून दाखवली, नियम होता म्हणून. ते म्हणाले, "अरविंदराव, जायचं कारण काही नाही. थांबायचं होतं, ते संपलं. याला कुठला रकाना आहे, तो तुम्ही बघा."

मुख्यालयातून घाईने फोन आला. या वेळी नेहा नव्हती, तीही सोडून गेली होती. नवा मुलगा म्हणाला की असा माणूस गमावणं परवडणार नाही, विशेष बाब म्हणून त्यांच्यासाठी वरिष्ठच्याही वर आणखी एक श्रेणी काढता येईल. मी तसं शिरीषरावांना कळवलं. वहिनी गेल्यावर ते पहिल्यांदा हसले. फार वेळ हसले. शेवटी मलाच त्यांच्यासाठी पाणी मागवावं लागलं.

मी अजून तिथेच आहे. मुलीचं शिक्षण चालू आहे, घराचे हप्ते चालू आहेत. कंपनीच्या हिशेबात मी टिकलेला माणूस आहे आणि बैठकांत माझ्याकडे बोट दाखवून नव्या मुलांना सांगतात की बघा, इतकी वर्षं. मी मान डोलावतो. काम नीट करतो, टॉवेल अजून वेळेवर भिजतो. पण त्या मुलांना मी मनाशी दोन भागांत वाटतो, जाऊ शकणारे आणि न जाऊ शकणारे. जाऊ शकणाऱ्यांना चांगलं काम शिकवायला हात धजत नाही, कारण ते जाणार. न जाऊ शकणाऱ्यांकडे बघवत नाही. तीस वर्षं माणसं सांभाळून शेवटी मला एवढंच येतं.

परवा बाड्यावर बँकेचं काम होतं, ते आटोपून दाना ओलीत अनवरच्या दुकानात डोकावलो. शिरीषराव तिथे बसलेले होते. मला वाटलं, कामाला लागले असतील. अनवर म्हणाला, "काम कहाँ करते हैं. दोपहर में आते हैं, बैठते हैं, मेरा दिमाग़ खाते हैं."

शिरीषराव मला म्हणाले, "बसा अरविंदराव. त्याचं काय आहे, मशीनचे ते चार तास म्हणजे आमची बोलायची वेळ होती. घरात दोघं कामात, मी दमून येणार, ती झोपलेली. तिथे हलता येत नाही, म्हणून ती बोलायची. लग्नापासूनचं सगळं बोलायची. शेवटचं वर्ष ते याच्याशी बोलली. तर आता याच्याकडून ऐकतो."

"दादा, सब तो बता दिया," अनवर म्हणाला.

"भेंडीचं सांग यांना."

अनवरने माझ्याकडे पाहिलं. "भाभी बोलती थीं, दादा को भिंडी बिल्कुल पसंद नहीं. शादी के पहले हफ़्ते में झूठ बोल दिया था कि बहुत पसंद है. तो वो हर हफ़्ते बनाती थीं. देखने के लिए कि कब सच बोलते हैं."

"आणि मी खात राहिलो," शिरीषराव म्हणाले. "मला वाटायचं, तिला आवडते."

बाहेर गल्लीत कुणाची तरी स्कूटर अडकली होती, हॉर्न वाजत होता. तो थांबला तेव्हा शिरीषरावांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"और? और क्या बोलती थी?"

अनवरने पडद्यावरची कुणाची तरी वरात थांबवली आणि आठवायला लागला.